आभाळाचा दगड

सरिताबाईंनी शेंदूर फासलेला दगड दोन्ही हातांनी उपडा केला. खालच्या बाजूला शेंदूर पोचला नव्हता. तिथे बारीक पोकळ्या होत्या आणि एका पोकळीत साखरेसारखे पांढरे स्फटिक. 

चूक त्यांचीच होती. एप्रिलमध्ये वाडीच्या शाळेत त्यांनी लघुग्रह शिकवले होते. मंगळ आणि गुरूच्या मधे फिरणारे दगड, त्यांचे वाट चुकलेले तुकडे. पेटत येते ती उल्का, जमिनीवर पोचते ती अशनी. पंधरा दिवसांनी भरदुपारी श्रीपतबाबांच्या घराची कौलं फोडून नारळाएवढा दगड चुलीजवळ पडला आणि पोरं ओरडत सुटली, "बाई, अशनी!" बाईंनी लोहचुंबक लावलं. ते चिकटलं. मग काय, बाई हरखून गेल्या. "आभाळातलाच आहे," असं सगळ्या वाडीसमोर सांगून मोकळ्या झाल्या. दुसऱ्या दिवसापासून शेंदूर, नारळ, अगरबत्ती. पार खालच्या कापडे गावापर्यंत बातमी.

सुट्टीत महाडला घरी बसून त्यांनी नीट वाचलं, तेव्हा कळलं, आपल्या काळ्या कातळातही लोखंड असतं, चुंबक त्यालाही थोडं चिकटतं. अशनीवर जळकी पातळ साल असते आणि अशनीत अशा पोकळ्या सहसा नसतात. पावसाला आठवडा उरला होता. सकाळच्या पहिल्या एसटीने त्या निघाल्या आणि वाडीत येऊन आधी दगडच उपडा करून पाहिला.

श्रीपतबाबा अंगणात तंबाखू मळत बसले होते. बाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.

"बाबा, मी चुकले. हा दगड आपल्याच डोंगराचा आहे. कड्यावरून आलाय."

"ठाव हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिशी वर जाऊन आलो. जमीन फाटलीय. आत हात जातो. पाणी शिरू नये म्हणून पेंढा कोंबून आलो."

बाईंना संताप आवरेना. "आणि बोलला नाहीत? आठ घरं आहेत इथे!"

"बोलून जायाचं कुठं? पोरगा म्हमईत सहा जणांच्या खोलीत झोपतो." बाबांनी तंबाखू न खाताच झटकून टाकली. "आभाळातला दगड एकदाच पडतो, बाई. डोंगराचा म्हटला तर म्हातारीनं रात्री डोळा मिटला असता काय? तुम्ही शिकलेल्या. तुम्ही आभाळ म्हणालात, मला बरं वाटलं."



बाबांची म्हातारी, सुंदराबाई, उंबऱ्यात येऊन उभी राहिली. हाताला तांदळाचं पीठ होतं.

"काय गो बाई, देवाला उपडा का घातलास?"

श्रीपतबाबांनी बाईंकडे बघून हलकेच मान हलवली. सांगू नका. बाईंनी ते पाहिलं. 

"आजी, तो आभाळातला नाही. मी चुकीचं सांगितलं होतं. वरचा डोंगर सुटायला लागलाय."

सुंदराबाईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. मग ती घरामागच्या कड्याकडे बघत राहिली. आत तव्यावरची भाकरी करपल्याचा वास येऊ लागला, तरी ती हलली नाही. नंतर तिने खाली, नदीपलीकडच्या सपाटीवर असलेल्या शाळेच्या पत्र्यांकडे पाहिलं आणि पिठाचे हात पदराला पुसले.

"शाळंची चावी तुझ्याकडंच असते ना गो?"