माणिकबाईच्या घरची सावड

ते साल २०१७. बाळापूरच्या गल्लीतली कुरडयांची सावड मोडली ती त्या चैत्रात. पार्वताबाईला ते साल विसरता येत नाही, कारण त्याच साली तिचा फोटो पाकिटावर छापून आला.

सावड म्हणजे काय, हे आता नव्या सुनांना सांगावं लागतं. एका घरी गहू भिजत पडायचा, तो वाटून-गाळून त्याचा चीक निघायचा, आणि ज्या पहाटे चीक चुलीवर चढायचा त्या पहाटे गल्लीतल्या साऱ्या बाया आपापले साचे घेऊन हजर. गरम आहे तोवर दाबायचा, ऊन आहे तोवर वाळवायचा. एकटीचं ते काम नव्हे. मजुरी नसायची. वाटीभर गोड चीक खायचा, आणि पुढे हिच्या घरी तिने जायचं. गल्लीत भांडणं व्हायची, वर्षवर्ष बोलणं बंद व्हायचं, पण न बोलताही बाया एकमेकींच्या सावडीला बसायच्या.

पार्वताबाईचा मुलगा श्याम धंद्यासाठीच जन्माला आला आहे, असं तिचे यजमान खुशालराव पारावर सांगायचे. आवाज मोठा, ओळखी भरपूर, इस्त्रीचा शर्ट. तो अमरावतीला राजापेठेतल्या कुठल्याशा उद्योजक शिबिराला जाऊन आला, तेव्हा धंदा नव्हता पण प्रोप्रायटर लिहिलेली कार्डं छापून झाली होती. जेवताना तो यशस्वी उद्योजकाचे गुण सांगत होता. धाडस पाहिजे, जिद्द पाहिजे, चार लोकांत बोलता आलं पाहिजे.

"माह्यात हे सगळे निघाले," तो म्हणाला. "सर म्हणे, तुमी पैदाइशी उद्योजक आहात."

त्याची बायको पौर्णिमा भाकरी वाढत होती. ती शेंदूरजनाघाटची, संत्र्याच्या व्यापाऱ्याची पोरगी. लग्नात पाठवणीच्या वेळी तिची आई, मावश्या रडल्या. ही मात्र गाडीत सामान नीट लागलं की नाही ते पाहत होती. पार्वताबाईला तेव्हा ते खटकलं होतं.

"समोरचा रडाले लागला तर काय करायचं, हे सांगतलं का सरनं?" पौर्णिमाने विचारलं.

"ते कायले सांगतीन?"

"मंग काय शिकवलं," ती म्हणाली, आणि ताकाचं भांडं आणायला आत गेली. खुशालराव हसले. पार्वताबाईही हसली.

आदल्या उन्हाळ्यात घरच्या सावडीच्या कुरडया पौर्णिमाने अकोल्याच्या एका दुकानात विकल्या होत्या. पार्वताबाईने गल्लीत मात्र सांगितलं, पाहुण्यांकडे दिल्या म्हणून. या वर्षी त्या दुकानदाराने पुष्कळ माल मागितला आणि पाकिटं पाहिजेत म्हणाला. पाकिटं आली. वर पार्वताबाईचा फोटो, डोक्यावर पदर, आणि खाली लिहिलेलं, 'पार्वताबाईच्या हातच्या'. तिने ते पाकीट दिवसातून कितीदा तरी हातात घेऊन पाहिलं. उभ्या आयुष्यात तिचं नाव कुठे छापून आलं नव्हतं, लग्नपत्रिकांतही ती सौ. खुशालरावच होती.

माणिकबाई म्हणजे गल्लीच्या टोकाची, पार्वताबाईच्याच वर्षी लग्न होऊन आलेली मैत्रीण. तिला 'पार्वता' म्हणणारी गल्लीत ती एकटी. माणिकबाईच्या प्रतीक्षाचं लग्न ठरलं होतं आणि रुखवतात आईच्या हातच्या कुरडयांचं घर उभं करायचं होतं, छपरासकट. त्यासाठी तिने गहू भिजवला, दिवस सांगितला. साऱ्या बायांनी तो दिवस राखून ठेवला.

त्याच पहाटे पौर्णिमाच्या अंगणात चार चुली पेटल्या.

बाया आल्या, कारण ती आदल्या संध्याकाळी घरोघर जाऊन रोख मजुरी कबूल करून आली होती. माणिकबाईचं काय, असं ज्यांनी विचारलं त्यांना म्हणाली, "तिचा चीक उशिरा चढणार हाये, काकू. इथून मोकळ्या झाल्या की सगळ्याच जाऊ." पार्वताबाईलाही तेच सांगितलं होतं. ती बाजेवर पांढरं धोतर पसरून पहिल्या साच्याला बसली.

ऊन वर आलं तरी परातीमागून पराती येतच राहिल्या. मग फाटकात माणिकबाई उभी राहिली. हाताला चीक लागलेला, पदर खोचलेला.

"पार्वता, माहा चीक शिजला व. तू येऊन राहिली ना?"

अंगणातले साचे थांबले. पार्वताबाई उठली असती तर साऱ्या उठल्या असत्या. हे तिला ठाऊक होतं. तिने सुनेकडे पाहिलं. सुनेने गरम चिकाचा गोळा सासूच्या साच्यात भरला.

"एवढं होऊ दे, माणिके," पार्वताबाई म्हणाली. "आलीच मी."

भिंतीशी रचलेल्या पाकिटांवरचा फोटो माणिकबाईने पाहिला.

"चांगला निंगाला फोटो," म्हणाली, आणि गेली.

दुपारी पौर्णिमा डोक्याला रुमाल बांधून माणिकबाईकडे गेली. शिजवलेल्या चिकाचा दगड झाला होता, न शिजवलेला आंबायला लागला होता आणि मायलेकी दोघी साचा घेऊन रडत होत्या. पौर्णिमाने कच्चा चीक बोटावर घेऊन चाखला आणि मातीमोल भाव सांगितला. माणिकबाईने भगोणं तिच्याकडे सरकवलं.

रात्री अंगणात शेजारी अंथरुणं टाकल्यावर पार्वताबाईने विचारलं, "तुले तिचा दिवस माहीत होता, मंग तोच कायले धरला व?"

"माहीत होता ना. म्हणून तर तोच धरला," पौर्णिमा म्हणाली. "एरवी बाया वावरात जातात, आई. त्या दिवशी साऱ्या घरी सापडणार होत्या. आमचे बाबा संत्रा गळाले लागल्याशिवाय बगिच्यात पायच ठेवत नाहीत. तवा मालक भावासाठी भांडत नाही."

आणि लगेच तिला झोप लागली. पार्वताबाई अंधारात तिचा संथ श्वास ऐकत पडून राहिली.

प्रतीक्षाच्या रुखवतात कुरडयांचं घर झालं नाही. टेबलावर विकतची पाकिटं मांडली होती. सासरच्या बाया येऊन विचारत होत्या, ही फोटोतली कोण. पार्वताबाई तिथेच, आहेराची साडी घेऊन उभी होती.

पौर्णिमाची आता अकोल्यात कुरडयांची मोठी शेड आहे, आणि ती स्वतः दिसते त्याहून श्रीमंत आहे. श्याम शिबिरांतून भाषणं देतो. उद्योजकाचे गुण सांगतो, लोक टाळ्या वाजवतात, आणि पेट्रोलला पैसे तो बायकोकडे मागतो. खुशालराव करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. शेवटपर्यंत पोराचंच नाव घेत होते. प्रतीक्षा यवतमाळला दिली आहे, माहेरी कमी येते. गल्लीत पुन्हा कोणी सावडीला बसलं नाही. एकदा मजुरी घेतल्यावर फुकट कोण बसणार, आणि कोणाकडे?

माणिकबाई नवरा गेल्यावर पौर्णिमाच्या शेडवर लागली. तिचा हात चांगला म्हणून तिला बायांवर देखरेखीला ठेवलं आहे. पार्वताबाई मुलासुनेजवळच असते. गुडघे गेले आहेत, पाकिटावरचा फोटो मात्र तोच आहे. दर दिवाळीला सून तिला गाडीत घालून शेडवर नेते, तिच्या हातून बायांना साड्या वाटवते. माणिकबाई रांगेत पहिली असते. साडी घेते, वाकून नमस्कार करते.

"तब्येत बरी हाये ना, मालकीणबाई?" असं विचारते, आणि उत्तराला न थांबता पुढे सरकते.