पुलावरून जाणारे नंबर

“चार, सात, अकरा आणि बारा,” संग्रहालयाच्या बाईंनी लिहिलेलं वाचून दाखवलं. “पुलावरून एवढ्याच ट्राम जायच्या ना? की एखादा नंबर राहिला?”

स्वयंपाकघरातला भांडी घासण्याचा आवाज थांबला.

“एवढ्याच,” दांडीबुवा म्हणाले. आवाज पुन्हा सुरू झाला, पण आता भांडी जरा जास्तच आपटत होती.

पुलाला शंभर वर्षं होत होती. त्या निमित्ताने पुलाच्या तोंडाशी मोठा फलक लागायचा होता. कुठली ट्राम कुठून निघायची, पूल ओलांडून कुठे जायची, कधी सुरू झाली, कधी बंद पडली, असा सगळा इतिहास त्यावर येणार होता. ट्राम बंद होऊनच पंचवीस वर्षं लोटली होती. जुन्या ट्रामवाल्यांत डोकं ठिकाणावर असलेला माणूस शोधत शोधत बाई या दोन खोल्यांपर्यंत पोचल्या होत्या.

दांडीबुवा हे नाव ट्रामवाल्यांनीच पाडलेलं. पूल जुना आणि त्यावर रूळ एकच, तेव्हा एका वेळी एकाच ट्रामने पुलावर चढायचं असा नियम होता. त्यासाठी हातभर लांबीची एक लाकडी दांडी होती, दोन्ही टोकांना पितळी कडी बसवलेली. दांडी ज्या ड्रायव्हरच्या हातात, त्याचा पूल. पलीकडे उतरलं की ती तिथल्या माणसाला द्यायची, आणि त्याने ती इकडे येणाऱ्या ट्रामला. दांडीच एक, त्यामुळे दोन ट्राम समोरासमोर यायचा प्रश्न नव्हता. अलीकडच्या टोकाला पत्र्याच्या टपरीत बसून बुवांनी एकतीस वर्षं ती घेतली आणि दिली. नावात दांडी आहे, पण कामावर कधी मारली नाही, हा त्यांचा ठेवणीतला विनोद. बाई त्यावर मनापासून हसल्या. बुवांच्या बायकोने त्यावर हसणं कधीच सोडून दिलं होतं.

बाई गेल्यावर ती पदराला हात पुसत बाहेर आली. “चार, सात, अकरा, बारा,” ती म्हणाली. “दादा चालत गेला असेल मग पुलावर.”

बुवांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते कालचं होतं.

तिचा दादा नऊ नंबरचा ड्रायव्हर. नऊ नंबर मुळात अलीकडच्या चौकातूनच परत फिरायची. पण पलीकडे कारखाने वाढले, सकाळच्या पाळीला माणसं दाराला लोंबकळू लागली, तेव्हा मोठ्या साहेबांनी ती नुसत्या तोंडी हुकमावर पुलापार सोडली. कागद मागाहून येणार होता. आठ महिने नऊ नंबर पुलावरून जात राहिली, कागद काही आला नाही.

त्या सकाळी बारा नंबर दांडी घेऊन पुढे गेली होती आणि तिच्या मागे नऊ नंबर खच्चून भरून उभी होती. टपरीतला फोन वाजला. साहेबांनी सांगितलं की कारखान्यातून ओरड चालू आहे, दांडी परत येईपर्यंत थांबू नकोस, नऊला बाराच्या मागोमाग सोड, पलीकडच्या माणसाला मी कळवतो. कळवायला ते विसरले की त्यांना उशीर झाला, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

“दाजी, दांडी?” मेव्हण्याने खिडकीतून हात बाहेर काढला होता.

“निघा. मी सांगतोय ना,” असं म्हणून बुवांनी हात वर केला.

पुलाला मधे उंचवटा आहे, पलीकडून चढणारं अलीकडून दिसत नाही. समोरून सात नंबर आली, तिच्याकडे दांडी होती. चार माणसं जागच्या जागी गेली आणि मेव्हण्याचा उजवा पाय गुडघ्यातून गेला.

चौकशीच्या दिवशी साहेबांनी टाइप केलेला कागद बुवांपुढे सरकवला. नऊ नंबरचा मार्ग पुलावरून कधीच नव्हता, ड्रायव्हरने मनमानीने गाडी पुलावर घातली, मी त्यास कोणतीही खूण केली नाही. सही केलीस तर एक वाचेल, नाही केलीस तर दोघं जाल, असा साहेबांचा सरळ हिशेब होता. बुवांच्या घरी तान्हं मूल होतं. त्यांनी सही केली. खरं सांगायचं तर मूल नसतं तरी केली असती. भित्र्या माणसाला एखादं कारण लागतं, ते त्या बिचाऱ्या पोराने पुरवलं.

मेव्हणा नोकरीतून गेला आणि पुढे उभा जन्म घरी बसून खुर्च्या विणत राहिला. बहिणीकडे यायचा तेव्हा कुबडी दाराशी टेकवून “काय दाजी, बरं आहे ना?” म्हणायचा. याहून जास्त तो कधी बोलला नाही. त्याने एकदा तरी शिव्या घालायला हव्या होत्या, असं बुवांना फार वाटायचं. सहा वर्षांपूर्वी तोही गेला. बायकोनेही चाळीस वर्षं हे प्रकरण काढलं नाही. वेळेवर जेवायला वाढलं, आजारपणं काढली. फक्त त्या पुलावर तिने पाऊल टाकलं नाही. भावाचं घर पलीकडे, तर ती खालच्या पुलावरून तासभर वळसा घालून जायची.

तिसऱ्या दिवशी दांडीबुवा इस्त्रीचा सदरा घालून संग्रहालयात गेले. बाईंपुढे बसून त्यांनी नऊ नंबरचं सगळं सांगितलं, फोनचं आणि वर केलेल्या हाताचंही. मधे पाणी मागायची त्यांना लाज वाटली.

बाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. कपाटातून एक फाइल काढली आणि एक पान उघडून त्यांच्याकडे फिरवलं.

“ही सही तुमचीच ना?”

सही त्यांचीच होती. तरुणपणीची, ठसठशीत, खाली दोन रेघा मारलेली. नऊ नंबरबद्दल अख्ख्या दफ्तरात तो एकच कागद होता. बाईंनी तेव्हाचं कुणी साक्षीला आहे का विचारलं. साहेब गेले, पलीकडचा दांडीवाला गेला, कंडक्टर त्याच दिवशी गेला होता, कारखान्यांतली माणसं कधीच पांगली होती. बुवांनी तिथेच नवा जबाब लिहून दिला आणि खाली सही केली. बाई भल्या होत्या. त्यांनी तो समितीपुढे ठेवला, भांडल्याही म्हणे. समितीचं म्हणणं पडलं की एकाच माणसाचे दोन जबाब असतील तर घटनेच्या वेळचा खरा मानायचा, म्हातारपणी माणसाच्या आठवणींची सरमिसळ होते.

फलक लागला त्या सकाळी भाषणं झाली, टाळ्या झाल्या. माणसं पांगल्यावर बायको पुढे गेली. ती येईल असं बुवांना वाटलं नव्हतं. चष्मा लावून, काचेवर बोट ठेवून तिने फलक वरपासून खालपर्यंत वाचला. चार, सात, अकरा, बारा. प्रत्येकीचा रंग वेगळा, सुरू झाल्याचं वर्ष, बंद पडल्याचं वर्ष. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत बुवांचं नाव छापलेलं होतं आणि माहितीबद्दल त्यांचे आभार मानलेले होते.

“मी गेलो होतो सांगायला,” बुवा म्हणाले. “सगळं लिहून दिलं. खोटं वाटत असेल तर बाईंना विचार.”

“विचारलं मी त्यांना.” तिने चष्मा काढून पिशवीत टाकला. “तुमची पहिली सही पक्की निघाली.”

मग ती वळली आणि पुलाच्या फुटपाथवर चढली. पलीकडे भावजयीचं घर होतं. बुवांनी मागून हाक मारली, थांब, मीही येतो म्हणाले. तिने मागे पाहिलं नाही. एका हाताने कठडा धरत, हळूहळू, ती चढ चढत राहिली. बुवा दोन पावलं पुढे गेले. जिथे त्यांची टपरी होती तिथे आले आणि त्यांचे पाय आपोआप थांबले.

ती उंचवट्यापलीकडे दिसेनाशी झाली. बुवा तिथेच उभे राहिले, पलीकडे उतरायला तिला जितका वेळ लागेल तितका.