बाई, शनिवारी काय झालं?

मालंडकर बाईंनी तीस वर्षं आठवीला विज्ञान शिकवलं आणि त्यातली बरीचशी वर्षं पालथ्या घड्यावर पाणी ओतलं. दोष घड्यांचा, असं अर्थात त्यांचं मत. नोट्स त्याच, प्रश्न तेच, विनोद करायची जागासुद्धा ठरलेली. परळच्या त्या मराठी शाळेत वर्गाला जेमतेम वीस-बावीस मुलं उरली होती आणि तीही डोळे उघडे ठेवून झोपायला शिकली होती.

गेल्या जूनमध्ये 'बल आणि दाब' चालू असताना फळ्यावर गणित सोडवायला कुणीच उठेना. बाईंनी नेहमीचं वाक्य फेकलं, "अरे, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही!"

मागच्या बाकावरून वरदने विचारलं, "बाई, तुम्हाला येतं?"

"काय?"

"पोहायला."

खोटं बोलता आलं असतं. पण बाईंच्या तोंडून निघून गेलं, "नाही रे."

"मालवणच्या असून?"

अख्खा वर्ग खडबडून जागा झाला. बाईंच्या तासाला इतके टवटवीत चेहरे भिंतींनीही पाहिले नसतील. "मग पडा ना पाण्यात," वरद म्हणाला. एरवी त्याला तासभर उभं केलं असतं. त्या दिवशी बाई हसल्या आणि हसता हसता हो म्हणून बसल्या.

अशा रीतीने वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी बाई दादरच्या तलावावर शनिवारच्या लेडीज बॅचमध्ये दाखल झाल्या. शिकवायला प्रिती नावाची मुलगी होती, बाईंच्या निम्म्याहून कमी वयाची. पहिल्या शनिवारी बाईंनी काठाचा दांडा धरला तो शिट्टी होईपर्यंत सोडलाच नाही. सोमवारी त्यांनी हे सगळं वर्गाला सांगितलं. गळाभर पाण्यात छाती आवळल्यासारखी का होते, हे समजावताना पुस्तक उघडायचं राहूनच गेलं.

"बाई, जाडी माणसं जास्त तरंगतात का?" पहिल्या बाकावरच्या प्राचीने विचारलं.

"ठाऊक नाही गं. शोधून सांगते," बाई म्हणाल्या. तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी वर्गात कधी उच्चारलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी खरोखर शोधलं, वाचलं, आणि वाचता वाचता कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरल्या. भाताचा गाळ झाला. तो खातानाही उद्याचा तास डोक्यात घोळत होता.

मग दर सोमवारी बाई वर्गात पाऊल टाकायच्या आत प्रश्न यायचा, "बाई, शनिवारी काय झालं?"

या प्रश्नाची किंमत कळायला बाईंचं घर पाहायला हवं. लालबागला त्यांची चाळ होती तेव्हा जिन्याच्या पहिल्या पायरीपासून चौकशी सुरू व्हायची. "काय गो हेमा, आज इतको उशीर?" "पिशयेत काय गो?" बाई वैतागायच्या. मग चाळ पडली, टॉवर झाला, सतराव्या मजल्यावर घर मिळालं. तिथे वर्षभर राहून आई गेली. आता लिफ्ट सतराव्यावर थांबायची, चार बंद दारं दिसायची, त्यातलं एक बाई किल्लीने उघडायच्या. शेजारी कोण राहतं ते पाटीवरून कळे. शाळा सुटल्यापासून दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत बाईंना कुणी काहीही विचारत नसे.

दिवाळीच्या तोंडावर एका शनिवारी प्रितीने पाठीखालचा हात कधी काढून घेतला, ते बाईंना समजलंच नाही. कान पाण्यात, वर नुसतं आभाळ. त्या तरंगत होत्या. आनंदाने त्यांना रडू फुटलं. पाण्यात ते कुणाला दिसलं नाही.

रविवारभर त्या मनातल्या मनात वर्गाला हे सांगत होत्या. संध्याकाळी मात्र एकदम लख्ख कळलं, की हे सांगितलं म्हणजे गोष्ट संपली. मंगळवारपासून पुन्हा त्याच नोट्स, आणि पुढच्या सोमवारी कुणी काही विचारणार नाही.

सोमवारी त्या म्हणाल्या, "तरंगायला धरतात ती फळी निसटली रे! नाकातोंडात पाणी." वर्ग खो खो हसला. एक थाप पचली की दुसरीला चव येते. जानेवारी उजाडेपर्यंत बाई शनिवारी खोल पाण्यात या टोकाहून त्या टोकाला पोहत होत्या आणि सोमवारी वर्गात येऊन बुडत होत्या.

अशाच एका शनिवारी त्यांनी काठाशी डोकं वर काढलं, तर कठड्यापाशी प्राची उभी. मावशीला सोडायला आली होती. दोघींची नजरानजर झाली. प्राची वळून निघून गेली.

तो रविवार बाईंना खायला उठला. खोटारडी बाई, असं पोरं म्हणतील, म्हणू देत. पण आता ती विचारणार नाहीत, हे त्यांना सोसवत नव्हतं.

सोमवारी त्या वर्गात शिरल्या. मग वरद म्हणाला, "बाई, शनिवारी काय झालं?"

प्राची मान खाली घालून बसली होती. सांगितलं नाही पोरीने! बाईंच्या जिवात जीव आला. "अरे काय सांगू," त्यांनी सुरुवात केली, "फळी घेतली, पाय मारले, आणि—"

वर्ग हसला. फळी अजून निसटायची होती.

बाई थांबल्या. एकेक चेहरा पाहत गेल्या. "कधीपासून ठाऊक आहे?"

वरद उठला. "दिवाळीनंतर लगेच. प्रितीताई आमच्याच बिल्डिंगमधली. बोलली, तुमच्या बाई एकदम मस्त पोहतात."

"मग दर सोमवारी विचारत का होतात?"

प्राचीच मान वर करून म्हणाली, "बाई, तुम्हाला सांगायचं असतं ना."

बाई फळ्याकडे वळल्या आणि कोरा फळा पुसत राहिल्या. लाज वाटत होती आणि त्याहून जास्त, कुणीतरी आपल्याला पाहिलं, असं वाटत होतं. मग त्यांनी खडू घेतला आणि मथळा लिहिला, 'ध्वनी'.

"वरद, तू पथकात ताशा वाजवतोस ना? मला वाजवता येत नाही."

"शिकवतो की, बाई. पण आधी घरी हात बसवा. काड्या आणि पाट घ्या, तेवढं पुरे."

त्या संध्याकाळी बाई आईच्या पाटासमोर मांडी घालून बसल्या. हात चुकत होता, लय सापडत नव्हती. त्यांनी आणखी जोर लावला.

दारावरची घंटा वाजली. समोरच्या दारातली शेजारीण उभी होती, कपाळाला आठ्या घालून. इतक्या वर्षांत तिचा चेहरा असा समोरून पहिल्यांदाच दिसत होता.

"काय झालं हो?" तिने विचारलं. "कसला आवाज?"

काड्या हातातच होत्या. बाईंनी दार पूर्ण उघडलं.

"या ना आत," त्या म्हणाल्या. "सांगते."