डुकराच्या जिभेचा रंग

मेलेल्या रानडुकराचा जबडा उघडा राहीना, म्हणून चित्रकार गोमारने त्यात लाकडाची पाचर ठोकली. डुक्कर तुळईला दोरांनी टांगलेलं होतं, पुढचे पाय झेप घेतल्यासारखे ताणून बांधलेले. थंडी होती म्हणून बरं. तरी अँटवर्पच्या त्या गल्लीतले शेजारी हल्ली नाकाला रुमाल लावूनच त्याची ख्यालीखुशाली विचारत. चित्र जवळजवळ संपलं होतं. डुकराची जीभ तेवढी राहिली होती, आणि तिच्यासाठी लाल रंग कालवून तयार होता.

कोपऱ्यातल्या बाकावर दिग्ना बसली होती. याच डुकराने तिच्या नवऱ्याला फाडलं होतं. वाउटर बॅरनसाहेबांची शिकारी कुत्री सांभाळायचा. चेहरा असा गेला होता की पाद्रीबाबांनी तिला शवपेटीचं झाकण उघडू दिलं नाही. डुक्कर मात्र अख्खंच्या अख्खं चित्रकाराकडे पोचलं. साहेबांच्या जेवणाच्या दालनात त्या शिकारीचं चित्र लागायचं होतं, आणि त्यात सगळं अस्सल हवं, अशी ताकीद होती.

अशा चित्रात एक माणूस खाली पडलेला लागतोच. नाहीतर घोडा एवढा का उधळला आणि भाला कशाला उगारला, हे बघणाऱ्याला कळत नाही. गोमारने त्या माणसाला वाउटरचा चेहरा दिला होता. मागे साहेबांच्या कुत्र्यांच्या चित्रांसाठी वाउटर एकेक कुत्रा धरून समोर उभा राहायचा, तेव्हा गोमारने गंमत म्हणून त्यालाही रेखाटलं होतं. ते कागद कामाला आले. हट्ट दिग्नाचा. साहेबांनी रोज जेवताना त्याच्याकडे बघावं, एवढंच तिचं मागणं होतं. साहेब ओळखतील आणि चित्र चौकटीसकट माझ्या डोक्यात घालतील, असं गोमारचं म्हणणं होतं.

साहेब चित्र बघायला आले तेव्हा दिग्नाने डोक्यावरचं फडकं पुढे ओढलं आणि झाडू हातात घेतला.

घोडा मागच्या पायांवर, कुत्र्यांचा नुसता भोवरा, आणि त्या वावटळीत भाला उगारलेले साहेब चर्चमधल्या संतासारखे शांत. साहेबांना ते फार पटलं. मग त्यांनी कुत्रा न् कुत्रा नावाने ओळखला. हा तुर्क, कान फाटका. ही फ्लोर. फ्लोर त्या शिकारीतच मेली होती. साहेबांनी डोळे पुसले. मग ते खाली पडलेल्या माणसापाशी वाकले.

"हा कुठे सापडला तुम्हाला?"

"बंदरावरचा एक हमाल, साहेब."

"बरा आहे. पण मरायला टेकलेला वाटत नाही. तोंड उघडा त्याचं. भीती दिसू दे."

साहेबांची गाडी गल्लीबाहेर गेल्यावर गोमारने दार लावून घेतलं.

"सुटलो, वहिनी. चेहरा राहिला."

दिग्ना एकच फरशी पुन्हा पुन्हा झाडत होती.

"लग्नाआधीपासून त्यांच्याकडे होता तो," ती म्हणाली.

गोमारने बारीक कुंचला लाल रंगात बुडवला आणि वाउटरच्या ओठांपाशी नेला.

"त्याचं नका उघडू, मास्तर. तो ओरडला नव्हता."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"रान उठवणाऱ्या हाकाऱ्यांनी सांगितलं. घोड्याने साहेबांनाच खाली टाकलं होतं. ओरडत होते ते साहेब. ते ऐकून हा डुकराला आडवा गेला."

कुंचला तसाच हवेत राहिला. गोमारने एकदा खाली पडलेल्या वाउटरकडे पाहिलं, एकदा घोड्यावरच्या साहेबांकडे. मग शिडी ओढली, वर चढला, आणि साहेबांचे मिटलेले ओठ डुकराच्या जिभेच्या रंगाने किंचित उघडले.

"लोक काय म्हणतील?" दिग्नाने खालून विचारलं.

"म्हणतील, काय गर्जना आहे. साहेबसुद्धा तेच म्हणतील."

दिग्नाने झाडू भिंतीला टेकवला. मान वर करून साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं.

"अजून थोडं," ती म्हणाली.