गाठ कुठल्या तारेला

आमच्या दुकानात एक रीत आहे. गाडीतल्या वूफरचा, म्हणजे दणका देणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, खोका तयार झाला की बनवणाऱ्याने आतल्या फळीवर पेन्सिलीने सही करायची. बाहेरून दिसत नाही, पण असते. मला ती सही हवी होती. सातवीपासून मी तिथे फळ्या घासतेय आणि एकाही खोक्यात माझं नाव नाही.

या वेळी बाबा स्वतःच म्हणाले, "जो दोष काढेल त्याची सही." म्हणाले भिंतीकडे बघून, कारण दादाशी त्यांचा दोन महिने अबोला होता. दादा चार महिने दुसऱ्या दुकानात काम करून आला, ते बाबांना मिरचीसारखं झोंबलं होतं. त्यामुळे सगळा कारभार माझ्यामार्फत.

खोका पांढऱ्या गाडीवाल्या काकांचा. आमच्याच दुकानात कापलेल्या फळ्या, दोन वूफर, मधोमध हवा बाहेर पडायला प्लास्टिकचा पाइप. दिसायला पैलवान, आवाजाला डास.

"विचार त्याला, पाइप मोजून कापला होता का," बाबा म्हणाले.

"सांग त्यांना, पाइप बरोबर आहे," दादा म्हणाला. "सांध्यांतून हवा जातेय. डिंक कोणी लावला, तेही विचार."

"मी काय टपालपेटी आहे?"

तीन दिवस हेच. बाबांनी पाइप दोन बोटं कापला, दादाने सगळे सांधे पुन्हा चिकटवले. डास होता तिथेच. आणि शनिवारी संध्याकाळी काका गाडी न्यायला येणार.

शनिवारी शाळा सकाळची. आल्याआल्या दप्तर फेकलं, उजव्या वूफरची तार सोडवली आणि गाणं लावलं. एकटा डावा असा दणकला की स्क्रूंची डबी टेबलावरून खाली. एकटा वाजला तर दणका, दोघे वाजले तर भुणभुण. म्हणजे भांडण दोघांतच होतं.

तार परत जोडली. पाइपाच्या तोंडाशी वहीचं पान धरलं, ते हललंसुद्धा नाही. मग गाणं बंद करून, खोक्याच्या मागच्या दोन टोकांना मीटरमधली चौकोनी बॅटरी क्षणभर टेकवली. डाव्याचा पडदा बाहेर आला, उजव्याचा आत गेला. एक ढकलतोय, दुसरा ओढतोय. हवा आतल्या आत फिरणार, बाहेर काय डोंबल येणार?

आमची तार दोन्ही पदरांनी काळी, कारण ती स्वस्त. प्लस ओळखू यावा म्हणून बाबा त्याला गाठ मारतात. या खोक्यातल्या सगळ्या गाठी त्यांनीच मारल्या होत्या, डावा वूफरही त्यांनीच जोडला होता. उजवा दादाने.

"दादा, त्या दुसऱ्या दुकानात गाठ कुठल्या तारेला मारायचे?"

"मायनसला. का गं?"

पलीकडे फळी घासणारे बाबा थांबले. "आपल्याकडे प्लसला," ते म्हणाले. भिंतीला नाही, दादाला.

"मला कोण सांगणार होतं?"

"विचारलंस का?"

"तुम्ही बोलत होतात का?"

आता भांड्याला भांडं लागणार, असं वाटलं मला. पण दादाला हसू फुटलं, पाठोपाठ बाबांनाही. मी कानामागची पेन्सिल काढली आणि वहीच्या पानाने टोक पुसलं.

"गिऱ्हाइकाला हे कळता कामा नये," बाबा म्हणाले. "उलटी तार म्हणजे शिकाऊ पोराची चूक."

"पाइपाच्या लांबीचं गणित होतं म्हणू," दादा म्हणाला. "भारी वाटतं."

"बरोबर," बाबा त्याला म्हणाले. "तारेची टोकं उलटव आणि सही कर."

"दोष मी काढला," मी म्हटलं.

"कोण नाही म्हणतंय, बाळा? पण शाळेतल्या मुलीने काढला म्हटल्यावर उद्या दारात कोण येईल? तू वहीवर कर हव्या तेवढ्या सह्या."

मी दादाकडे बघितलं. दोन महिने त्याचा प्रत्येक निरोप मी पोचवला होता, तिखट शब्द गाळून. त्याने मान वर न करता हात पुढे केला. "पेन्सिल दे गं."

दिली. आधी त्याने सही केली, खाली बाबांनी.

संध्याकाळी बाबा काकांना पाइपाचं गणित समजावत होते आणि दादा मान डोलवत होता. "बापलेकांची जोडी झकास आहे," काका म्हणाले. मी केर काढत होते.

गाडी कोपऱ्यावर वळली तरी दुकानाची काच थरथरत होती. इतका सुंदर ठोका आमच्या एकाही खोक्याचा नव्हता. निदान तो वाईट असता, तर मला बरं वाटलं असतं.