सप्तमीची पाऊणपट

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. हे गणित कान्हूला बापाकडून मिळाले होते, आणि चंद्राने त्याला चाळीस वर्षांत एकदाच दगा दिला होता. चार वर्षांपूर्वी आपले यान चंद्रावर आदळले आणि पुढच्याच पुनवेच्या उधाणाने वडखळकडचा बांध फोडला. खाऱ्या पाण्याने जळलेल्या शेतात तीन पावसाळे भात धरला नाही.

यंदा धरला होता. पण तीन दिवस तो पावसाच्या पाण्यात बुडून होता. ते पाणी खाडीत सोडायचे तर ओहोटीला बांधातल्या उघाडीच्या फळ्या उचलायच्या. ते काम कान्हूचे. आणि आज सहाला नवे यान उतरणार होते.

"आज फळ्या उचलायच्या नाय," बांधावर उभा राहून तो म्हणाला.

"मंग भाताला काय पवायला शिकवू?" त्याची बायको इंदुबाई म्हणाली. "उद्यापर्यंत कुजंल त्यो."

"परत आदळलं, पानी चवताळलं, तर? दार उघडं टाकून बसू?"

रोह्याच्या कंपनीतली शिफ्ट बदलून आलेली लेक मनस्वी फोनमधून मान न उचलता म्हणाली, "बाबा, एवढ्याशा डब्यानं चंद्र हलत नाय."

"मंग भांगाचाच दिवस कशाला धरला? पानी सगल्यात गरीब असतं त्यो? त्यांना पन भ्याव हाय गो."

"तिथं आज सकाळ झाली. यानाला ऊन लागतं."

कान्हूला ते पटले नाही. वरून येणारी कारणे नेहमीच अशी स्वच्छ धुतलेली असत.

सप्तमीची पाऊणपट सव्वापाच. खाडीच्या आतल्या अंगाला अर्धा तास जास्त धरला, तरी पावणेसहाला पाणी वळायला हवे होते. सहा वाजले तरी खाडीत रोवलेल्या खुंटावरच्या खुणेशी ते थांबून होते, चोरासारखे गप्प.

फोनमधून टाळ्या ऐकू आल्या.

"उतरलं, बाबा."

"पानी?"

"यान. अलगद."

कान्हूने वर पाहिले नाही. पाण्यावर एक गवताची काडी होती. ती स्वतःभोवती फिरली, रेंगाळली आणि समुद्राकडे निघाली.

खाडीचे पाणी शेताच्या पातळीखाली उतरल्यावर त्याने पहिली फळी उचलली. गढूळ पाणी धावत सुटले. ढगांच्या फटीत अर्धा चंद्र होता. त्याच्याकडे बघत कान्हूने दुसरी उचलली.

"चला घरी," इंदुबाई म्हणाली.

"भरती वळंपर्यंत मी हितंच."

"चंद्र कोन चोरून नेतंय?"

"नेनार नाय. पन आता तितं कोनतरी बसलंय."

आणि दोन्ही फळ्या मांडीवर घेऊन तो बांधावर बसला.