न येणाऱ्या गाडीची घोषणा

लहानपणापासून ती कुणाच्याही मागे प्रश्नांचा भुंगा लावायची, म्हणून घरात तिला सगळे भुंगीच म्हणत. या भुंगीने कॉलेजात सार्वजनिक इतिहास हा विषय घेतला, तेव्हा मामाने कपाळाला हात लावला.

“इतिहास समजू शकतो. सार्वजनिक म्हणजे काय? नळासारखा?”

“अगदी तस्साच. कुणीही यावं, ओंजळ भरून प्यावं.”

“आणि पोट कशाने भरावं?”

संग्रहालयं, दप्तरखाने, माहितीपट, जुन्या इमारतींची जपणूक... भुंगीने भराभर कामं सांगितली. मामा “बघू” म्हणाला.

शेवटच्या वर्षी तिने प्रकल्पासाठी बसस्थानक निवडलं. अर्धं आयुष्य तिथे घोषणा केलेल्या निवृत्त आजी शोधून काढल्या आणि त्यांच्याकडून जुन्या घोषणा पुन्हा म्हणवून रेकॉर्ड करून घेतल्या. स्थानकप्रमुखांनी प्रतीक्षागृहाचा एक कोपरा दिला. भुंगीने तिथे जुने फोटो लावले, स्पीकर ठेवला आणि उद्घाटनाच्या सकाळी बटण दाबलं.

“लक्ष द्या! नदीपलीकडे जाणारी गाडी फलाट दोनवरून सुटत आहे!”

आवाज जरा जास्तच मोठा झाला. अर्धं प्रतीक्षागृह बोचकी उचलून धावत सुटलं. ती गाडी बंद पडून जमाना झाला होता आणि फलाट दोनवर आता सायकली लावत असत!

स्थानकप्रमुख लालबुंद होऊन आले. भुंगीची पाचावर धारण बसली. “माफ करा, माफ करा!” म्हणत ती लोकांमागे पळाली. पण सायकलींपाशी उभे असलेले एक काका पोट धरून हसत होते.

“अहो, याच गाडीने मी मुलगी बघायला गेलो होतो. उलट्या करत!”

“आणि पसंत पडलात?” मागून उद्घाटनाला आलेल्या आजींनी विचारलं.

तो आवाज ऐकताच लोक चमकले. “या त्याच बाई!” म्हणत सगळ्यांनी आजींभोवती कोंडाळं केलं आणि जो तो आपली आठवण सांगू लागला. भुंगीने संधी साधून रेकॉर्डर सुरू केला. रागवायला आलेले स्थानकप्रमुखही घसा खाकरून म्हणाले, “नोकरीसाठी या गावात मी त्याच गाडीने आलो. जागा मिळाली नव्हती, उभ्यानेच.”

परीक्षा संपली आणि स्थानकप्रमुखांचा फोन आला. त्यांच्या वरिष्ठांना प्रत्येक स्थानकात असा कोपरा हवा होता, त्यासाठी माणूस नेमायचा होता. अट एकच, आवाज हळू.

मामाने ही बातमी गल्लीभर केली. रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून भुंगीसमोर येऊन बसला.

“कॉलेज बुडवून सिनेमाला मी त्याच गाडीने जायचो,” तो कुजबुजला. “घे लिहून. फक्त तुझ्या आईला ऐकवू नकोस.”